साल्मनला गूळ-रमचा पाक

मंडळी, थंडी सुरू झाली की या सदराकडे दोन तऱ्हेच्या फर्माइशी येतात. थोरांना हुलग्याचं माडगं, तिळाच्या वड्या, बाजरीची खिचडी हवी असते. धाकट्यांचं एकच म्हणणं, "ओव्हनमध्ये काहीतरी सांगा ना!" धाकट्यांचा हट्ट ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीतच पुरवता येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना पाटणकर बाजारातल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात कुणी ओव्हन लावला, तर त्याला घरातले लोक आधी बाहेर काढतील. थंडीत मात्र त्याच ओव्हनपाशी सगळे हात शेकायला येतात.

या वेळची फर्माइश टोरांटोहून आली. भाची नाताळच्या सुट्टीत येते आहे आणि सगळ्या घराला एक रात्र आपल्या हातचं जेवू घालणार आहे. पदार्थ तिने आधीच ठरवला होता: ओव्हनमध्ये भाजलेला साल्मन, वरून बर्बनचा गोड, चकचकीत लेप. फोनवर कृती सांगून झाली तेव्हा मी विचारलं, "आणि दारूचं काय गं?"

"अगं मावशी, ती उडून जाते शिजताना. सगळे घालतात."

सगळे घालतात हे खरं. गोव्याच्या चोरिसात व्हिनेगरबरोबर फेणी पडते, नाताळच्या केकचा सुका मेवा महिनाभर रममध्ये मुरतो, जपानी तेरियाकीची चमक मिरीन नावाच्या गोड तांदळाच्या मद्यामुळे येते. पण "उडून जाते" हे वाक्य मला तपासून घ्यावंसं वाटलं. कारण आमच्या पंगतीत एक जण असा आहे की त्याच्यासाठी या वाक्याला फार किंमत आहे. त्याच्याकडे पुढे येतेच.

आधी मासा. आपले पूर्वज दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर इथे आले. 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी पडली आणि तिचं नावच लष्कर राहिलं. त्यातले बहुतेक देशावरचे. समुद्राचा मासा त्यांच्या ताटात तिकडेही रोजचा नव्हता, इथे तर प्रश्नच मिटला. इथला मासा म्हणजे नदी-तलावांचा रोहू आणि कतला. साल्मन बर्फाच्या पेटीत नॉर्वेहून विमानाने दिल्लीला उतरतो. आमच्याकडे तो दिल्लीच्या आयएनए मार्केटमधून थर्मोकोलच्या डब्यात येतो. कुणी ना कुणी सकाळच्या गाडीने दिल्लीला जाऊन रात्री परतणारं असतंच. गोठवलेला घ्या, बिघडत नाही. उलट अर्धवट वितळून परत गोठलेल्या "ताज्या" माशापेक्षा तो बरा.

घेताना एका नावाशी सावध राहा. पाकिटावर "इंडियन साल्मन" लिहिलेलं दिसलं तर तो आपला रावस. मुंबई-कोकणातला राजा मासा, चवीला उत्तमच, पण साल्मनशी त्याचं काही नातं नाही. मांस पांढरट आणि चरबी बरीच कमी, म्हणून साल्मनइतका वेळ ओव्हनमध्ये ठेवलात तर कोरडा पडतो. दोन-तीन मिनिटं आधी काढा, हाच पाक त्यावरही छान बसतो. साल्मनचा खरा भाऊबंद आपल्या देशात हवा असेल तर हिमाचलचा ट्राउट. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास ट्राउटची अंडी काश्मीरला आणली, पुढे कुलूजवळ पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने ट्राउटपालन वाढलं. दिल्लीत तो मिळतो आणि साल्मनपेक्षा स्वस्त पडतो. रोहूवर मात्र हा प्रयोग करू नका. त्याच्या बारीक काट्यांत चिकट गोड पाक अडकला की खाणाऱ्याचं सगळं लक्ष काट्यांतच जातं. रोहूला मोहरीच बरी.

आता बर्बन. ही अमेरिकन व्हिस्की. निम्म्याहून जास्त, किमान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली. जळक्या लाकडातून तिला व्हॅनिला आणि कॅरमलसारखा वास येतो, आणि माशाच्या लेपात आपल्याला हवा असतो तो हाच वास. तेवढ्यासाठी ग्वाल्हेरात बर्बनची बाटली घेणं म्हणजे फोडणीसाठी केशर आणणं. आपल्याकडे काळी रम आहे. ओल्ड मंक 1954 पासून बाजारात आहे, तिच्या वासात व्हॅनिला आहेच, आणि रम उसाच्या मळीची असल्याने गुळाशी तिचं घरचं नातं. भाचीच्या कृतीत मेपल सिरप आणि ब्राउन शुगर होती. मी म्हटलं, शेजारच्या मुरैन्यात गूळ-तिळाची गजक बनते, 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपण पाकासाठी कॅनडातून झाडाचा चीक मागवायचा? ती हसली. गूळ ठरला.

रम घालायचीच कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. माझ्या आईने तो विचारलाच. मसाल्यातले काही वास पाण्यात उतरतात, काही तेलात, आणि बरेचसे अल्कोहोलमध्ये फार चांगले उतरतात. आलं, मिरी, संत्र्याची साल यांचा वास अल्कोहोल आपल्याबरोबर उचलून नाकापर्यंत नेतं. शिवाय ते साधारण 78 अंशांना उकळतं, पाण्याच्या बरंच आधी. म्हणून तिखट झणका पहिल्या काही मिनिटांत जातो आणि मागे पिंपाचा गोडसर वास राहतो. झणका गेला की आपल्याला वाटतं, दारू गेली. इथेच फसगत होते.

अमेरिकेत 1992 मध्ये काही संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि तिथल्या कृषी खात्याने त्याचा तक्ता केला. मद्य घालून पंधरा मिनिटं ढवळत शिजवलं तर सुमारे 40 टक्के अल्कोहोल शिल्लक. अर्ध्या तासाने 35. एका तासाने 25. अडीच तास शिजवलं तरी 5 टक्के उरतंच. आणि हॉटेलात तव्यावर जाळ उठवून दाखवतात ना, टाळ्या पडतात? त्यात 75 टक्के तसंच राहतं! भांडं रुंद आणि उघडं असेल तर थोडं जास्त उडेल, अरुंद असेल तर कमी. पण शून्य होत नाही.

आपला हिशेब मांडून बघू. चार जणांच्या पाकात 60 मिली रम. रम 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 26 मिली शुद्ध अल्कोहोल. पंधरा मिनिटं आटवल्यावर त्यातलं साधारण 10 मिली राहिलं असं धरा. चौघांत वाटलं तर प्रत्येकी अडीच मिली. 30 मिलीच्या छोट्या पेगात तेरा मिलीच्या आसपास असतं. म्हणजे ताटात छोट्या पेगाचा पाचवा भाग. ओव्हनमध्ये आणखी थोडं जाईल, थोडा पाक तळाशी चिकटून राहील. धडधाकट मोठ्या माणसाला हे काहीच नाही. कुणाला चढणार नाही, कुणी झुलणार नाही.

पण पंगतीत सगळेच असे नसतात. आमचे दीर गेली सहा वर्षं थेंबाला शिवलेले नाहीत. ती सहा वर्षं त्यांनी आणि जाऊबाईंनी कशी काढली ते आमच्या घराला माहीत आहे. सुरुवातीच्या काळात त्यांना डायसल्फिरमची गोळी होती. दारू सोडणाऱ्यांना डॉक्टर ती देतात. ती चालू असताना जरासं अल्कोहोल पोटात गेलं, अगदी खोकल्याच्या औषधातून किंवा एखाद्या सॉसमधून, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. त्यांची गोळी आता बंद आहे. तरी रमच्या पाकाचा वास काय आठवण जागी करेल, हे बाहेरच्या माणसाने ठरवायचं नसतं. त्यांना विचारलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "वहिनी, मला सांगून करा, म्हणजे झालं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. जयविलास महालात जेवणाच्या मोठ्या टेबलावरची चांदीची आगगाडी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं आणि डब्यांतून काचेच्या सुरया. ब्रँडी, सिगार पाहुण्यांपुढून फिरायचे. सुरई उचलली की गाडी थांबते. ज्याला हवं तो उचलेल, ज्याला नको त्याच्यापुढून गाडी निघून जाईल. तिथे काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं. पाकातली रम कुणाला दिसत नाही. म्हणून ती सांगावी लागते.

हे फक्त दारू सोडलेल्यांपुरतं नाही. घरात दिवस गेलेली सून असेल, लहान मुलं असतील, मुसलमान मित्र किंवा जैन शेजारी जेवायला असतील, एकादशीशिवायही मद्याला न शिवणारी आत्या असेल, त्यांना आधी सांगा. "थोडीशीच आहे, कळणारही नाही" हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. कळणार नाही म्हणूनच तर सांगायचं. मुलांनो, तुम्ही बाहेरगावी मित्रांसाठी रांधता तेव्हाही हा रिवाज ठेवा. आणि मध्य प्रदेशात दारू विकत घ्यायचं वय 21 आहे, तेव्हा विशीच्या आतल्या आचाऱ्यांनी खालचा दुसरा पाक करावा.

हो, आम्ही दोन पाक करणार आहोत. कृती चार जणांची देते.

साल्मनचे दीडेकशे ग्रॅमचे चार तुकडे, कातडीसकट. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हवाबंद पाकीट असेल तर ते फोडून, मासा झाकलेल्या डब्यात काढून मग वितळवा. सकाळी बोटाने चाचपून काटे शोधा, ते एका ओळीत असतात, चिमट्याने ओढले की निघतात. तुकडे कागदाने पुसून कोरडे करा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, परत पुसा. हे पुसणं चुकवू नका. ओल्या माशावर पाक बसत नाही, घसरून ट्रेमध्ये जातो आणि तिथे जळतो.

पाकासाठी 80 ग्रॅम चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे पाणी. विरघळला की गाळून घ्या. गुळात कचरा आणि बारीक रेती असते, साखरेची सवय झालेल्या तुमच्या पिढीला हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते. गाळलेल्या गुळात एका नागपुरी संत्र्याचा रस, एक मोठा चमचा सोया सॉस, चमचाभर किसलेलं आलं, दोन लसूण पाकळ्या वाटून, अर्धा चमचा मिरी, चिमूटभर तिखट.

आता गॅस बंद करा. अगदी बंद. मग 60 मिली रम वाटीत मोजून ओता. चालू गॅसवर बाटलीतून ओतायची नाही, वाफ पेट घेते आणि जाळ बाटलीकडे धावतो. ढवळा, चेहरा लांब ठेवून गॅस पुन्हा मंद लावा, खिडकी उघडी राहू द्या. बारा-पंधरा मिनिटांत पाक चमच्याच्या पाठीला लपेटून राहील. इथे थांबा. बोटांत तार धरून बघायची सवय असलेल्यांनी एकतारीच्याही जरा आधी उतरवावा, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. गजकेसारखा कडक झाला तर माशावर काच बसेल. उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर मोहरीची पूड. मोहरी आपल्या चंबळची, तिचा झणका गुळाचा चिकट गोडवा कापतो. हिच्याशिवाय हा पाक मला नुसता जिलबीसारखा लागतो.

दुसऱ्या पाकात रमच्या जागी तितकाच कडक काळा चहा, दूध-साखरेविना, चांगला उकळून तुरट केलेला. ओकच्या पिंपातून जो तुरटपणा येतो त्याच्या जवळ जाणारी चव चहातून मिळते. सोबत एक लवंग आणि चिंचेचा कोळ अर्धा चमचा. व्हॅनिला इसेन्स घालायचा मोह होईल, पण खऱ्या व्हॅनिला अर्कात अल्कोहोल असतं, बाटलीवर वाचून घ्या. सोया सॉसही वाचा, काहींत थोडं असतं. हा पाक आधी करा, म्हणजे भांडं आणि डाव स्वच्छ असतात. ब्रश वेगळा, ट्रे वेगळा. घरातल्या शाकाहाऱ्यांसाठी हाच पाक रताळ्याच्या जाड कापांवर लावून भाजा. तेवढ्यासाठी माझी आई दोनदा वाढून घेते.

ओव्हन 200 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ट्रेवर फॉइल, फॉइलला तेल, मासा कातडी खाली करून. पहिली सात-आठ मिनिटं पाक न लावता भाजा. गूळ सुरुवातीपासून लावला तर मासा शिजायच्या आत तो करपतो. मग बाहेर काढून पाकाचा जाड हात फिरवा, पुन्हा चार मिनिटं. शेवटी दुसरा हात आणि फक्त वरची कांडी लावून एक-दोन मिनिटं, समोर उभं राहून. या दोन मिनिटांत फोन घ्यायचा नाही. कडा फुगून बुडबुडे आले, रंग तांबूस-काळपट झाला की झालं.

इंचभर जाडीला एवढा वेळ पुरतो. काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुटतात का बघा. तुकड्यावर पांढरा फेसासारखा थर आला तर घाबरू नका, ते माशातलं प्रथिन आहे. पण फार आलं म्हणजे आच जास्त झाली. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 63 अंश ही अमेरिकेतली सुरक्षित मर्यादा. हॉटेलातले आचारी 52-55 लाच काढतात, मऊ लागतो म्हणून. म्हाताऱ्यांसाठी, मुलांसाठी आणि दिवस गेलेल्या बाईसाठी मी 63 धरते.

आपल्या वाचकांपैकी कुणीतरी मोहाच्या दारूबद्दल विचारणार, म्हणून आताच लिहिते. मध्य प्रदेश सरकारने तिला हेरिटेज दारूचा दर्जा दिला आहे, आणि अलिराजपूर, दिंडोरीकडचे आदिवासी बचत गट ती परवान्याने बनवतात. मी तिचा पाक करून पाहिला. फुलाचा वास फार दांडगा, साल्मन त्याखाली दबतो. रताळ्यावर मात्र बहार येते. पण घ्यायची ती सीलबंद, परवानाधारक बाटलीच. कुणाच्या ओळखीने गावातून आलेली मुळीच नाही. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून अधिक माणसं गेली. अशा दारूत मिथेनॉल असू शकतं आणि ते शिजवून जाईल या भरवशावर राहता येत नाही. उडून जाण्याची गोष्ट इथे तर जिवावर बेतेल.

सोबत साधा भात, थोडा मोकळा. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट आणि लिंबू घालून, दही नको. माशाबरोबर दही नाही हा आमच्या आजीचा नियम, त्यामागचं शास्त्र मी कधी शोधलं नाही आणि नियम मोडलाही नाही. तळाशी उरलेला पाक भातावर घ्यायला मुलं भांडतात, तेव्हा रमचा कुठला आणि चहाचा कुठला हे वाढणाऱ्याने शेवटपर्यंत लक्षात ठेवायचं. आम्ही रमच्या वाडग्याला लाल दोरा बांधणार आहोत. ती सूचना दिरांचीच.

उरलेला मासा फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. परत ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर कोरडा पडतो आणि घरभर वास सुटतो. त्यापेक्षा गारच कुस्करा, बारीक कांदा, हिरवी मिरची, लिंबू घाला आणि गरम पोळीत गुंडाळून डब्यात द्या. मात्र हा डबा चहाच्या पाकाचा. रमचा शाळेत पाठवायचा नाही.